हिरवी पेटी आणि गोड पाणी

परवा फोनवर तुमच्यापैकी धाकटीने विचारलं, "आजी, मत देऊन खरंच काही बदलतं का?" ती यंदा पहिल्यांदाच मत देणार आहे, पण जावं की नाही हे तिचं ठरत नव्हतं. मी फोनवर भरभर काहीतरी बोलले आणि फोन ठेवल्यावर लक्षात आलं की मुख्य गोष्ट राहूनच गेली. ती आता क्रमाने लिहिते. तुमच्या आईबाबांनीही ती पूर्ण ऐकलेली नाही.

तेव्हा इंग्रजांचं राज्य होतं आणि वऱ्हाडचा कारभार मध्यप्रांताबरोबर नागपुराहून चालायचा. आमचं गाव बुलढाणा जिल्ह्यात, रेल्वेच्या मुख्य लाइनीवर, नांदुऱ्यापासून फार लांब नाही. रूळ गावाच्या मधून गेलेले. रुळांच्या पलीकडे बाजार, कापसातली सरकी काढायचा कारखाना म्हणजे जिनिंग, शाळा, म्युनिसिपल कमेटीची कचेरी आणि गावातली एकमेव गोड्या पाण्याची विहीर. अलीकडे आमची गल्ली. आमच्या बाजूला विहिरी चार होत्या, पण चारही खाऱ्या. त्या पाण्यात तुरीची डाळ शिजत नसे, दूध घातलं की चहा फाटे. मी अमरावतीला मुलींच्या हायस्कुलात शिकत होते आणि बोर्डिंगमधून एक सुवासिक साबणाची वडी घेऊन सुट्टीत घरी आले होते. आमच्या पाण्यात तिला फेसच येईना. मी घासत राहिले आणि आत्या दारात उभी राहून हसत राहिली.

"तुह्या इंग्रजी साबणाले आमचं पानी नाही चालत, पोरी. त्याले सांग, गरिबाच्या घरी आला तं आंग चोरू नको."

आत्या म्हणजे माझ्या वडिलांची मोठी बहीण. तिचं सासर आणि माहेर एकाच गल्लीत, चार घरं सोडून. नवरा लवकर गेला, मूल नव्हतं. दोन खोल्यांचं घर तेवढं तिच्या नावावर राहिलं. आमच्या घराचं आणि तिच्या घराचं पिण्याचं पाणी तीच आणायची. डोक्यावर एक घागर, कमरेवर एक, रूळ ओलांडून जायचं, रूळ ओलांडून यायचं. पण मालगाडी आडवी उभी राहिली की फाटक बंद. कधी अर्धा तास, कधी त्याहून जास्त. उन्हात ताटकळलेल्या बाया शेवटी डब्यांखालून वाकून पलीकडे जायच्या. आदल्या दिवाळीत आत्या अशीच खालून जात असताना गाडीने हिसका दिला. आत्या निसटली, घागर चाकाखाली गेली. पितळेची घागर पार चपटी झाली होती. अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, ती उचलून घरी आणली. मला मात्र त्यानंतर बोर्डिंगमध्येसुद्धा इंजिनाची शिट्टी ऐकली की ती चपटी घागर आठवे.

अशात त्या चैत्रात म्युनिसिपल कमेटीची निवडणूक आली.

आमच्या वॉर्डाचे सभासद गेली कित्येक वर्षं जिनिंगचे मालकच होते. सगळे त्यांना जिनवाले म्हणत. माणूस वाईट नव्हता, पण तो रुळांच्या पलीकडे राहत होता आणि त्याला कधी फाटकाशी उभं राहावं लागलं नव्हतं. त्यांच्या विरुद्ध कुणी उभं राहील असं वाटलं नव्हतं. उभे राहिले ते फाटकवाले. हे मूळचे डोणगावकडचे, रेल्वेच्या फाटकावर जन्म घालवून नुकतेच निवृत्त झालेले, आमच्याच गल्लीत घर बांधून राहिलेले गृहस्थ. प्रचाराला त्यांच्याजवळ काही नव्हतं. जुन्या नोकरीतले दोन झेंडे, लाल आणि हिरवा, काखेत घेऊन ते दारोदार फिरायचे.

"तीस साल मी फाटक लावलं," ते आत्याच्या ओट्यावर बसून म्हणाले. "तुमी सगळ्याइनं जे शाप देल्ले, थे मलेच लागले. आता मराच्या आधी गोड्या पान्याचा नळ लायनीखालून इकडे आणतो. मंग शाप वापस घ्या."

"पयले आना, मंग पाहू," आत्या म्हणाली. "मत म्हंजे का, चिठ्ठी. चिठ्ठीनं पानी येते काय कधी?"

मतदान पेट्यांच्या रंगावर होतं. जिनवाल्यांनी कुंकवाचा रंग म्हणून लाल पेटी मागून घेतली, उरलेली हिरवी फाटकवाल्यांना मिळाली. म्हातारा इतका खूश झाला की दुसऱ्या दिवसापासून लाल झेंडा घरी ठेवून फक्त हिरवा घेऊन फिरू लागला. "लाल म्हंजे थांबा. बहुत थांबलो आपन," एवढंच त्यांचं भाषण.

मत सगळ्यांना नव्हतं, हे तुम्हाला सांगायला हवं. घर ज्याच्या नावावर, त्याला मत. मतदारांची यादी कचेरीच्या भिंतीवर लागली होती. अण्णा शाळामास्तर, त्यांना उघडपणे कुणाची बाजू घेता येत नव्हती, पण फाटकवाल्यांना यादी उतरवून देण्यात काही गैर नाही असं त्यांचं मत पडलं. अक्षर माझं चांगलं, म्हणून काम माझ्याकडे आलं. मी वही-दौत घेऊन भिंतीपाशी बसले. जिनवाल्यांचे दिवाणजी खानदेशाकडून नवेच आलेले होते. तेही तिथे आले आणि म्हणाले, "बाई, एक नक्कल आम्हालाही द्या." मी वहीत यादी उतरवली आणि तिच्यावरून दोन नकला केल्या.

यादीत अकरा बायका होत्या. उतरवता उतरवता माझ्या लक्षात आलं की प्रत्येकीच्या नावाआधी एकच शब्द आहे: विधवा. कैलासवासी अमुक यांची विधवा तमुक. साहजिकच होतं. नवरा असता तर घर त्याच्या नावावर असतं आणि मतही त्याचं. पण मला त्या शब्दाचा राग आला. इंग्रजी शाळेत मी नुकतीच बायकांच्या हक्कांवर निबंध लिहून पहिली आले होते. मी दोन्ही नकलांत तो शब्द गाळला आणि नुसती अकरा नावं लिहिली, सुंदर अक्षरात, एकाखाली एक. आत्याचं नाव लिहिताना मला फार बरं वाटलं. ते नाव कुणी घेतच नसे. गल्लीत ती कुणाची आत्या होती, कुणाची काकू.

चार दिवसांनी जिनवाल्यांकडची बोलावणी करणारी नाऊबाई, म्हणजे न्हावीण, आमच्या गल्लीत आली. हातात माझीच नक्कल. ती आत्याच्या दारात उभी राहिली, थोडी घुटमळली आणि खाली बघत म्हणाली, "जिनवालीण बाईकडे चैतगौरीचं हळदीकुंकू हाय परवा. तुमाले बलावलं."

"मले?" आत्या म्हणाली.

"कागदावर नाव हाय. दिवानजी म्हने, ज्या बायाइले मत हाय त्या समद्याइले सांग. मले जे सांगतलं थे मी सांगून राह्यली, बाप्पा. माह्यावर घेऊ नका."

मला तिथल्या तिथे कळलं. नव्या दिवाणजींनी यादी वाचली, बायका मोजल्या आणि हुशारी केली. कुंकवाची लाल पेटी, कुंकवाचं बोलावणं. गावातल्या दुसऱ्या कुणाला विचारलं असतं तर ही चूक झाली नसती. आणि मी तो एक शब्द गाळला नसता तरी झाली नसती.

मी आत्याला सांगणार होते. पण तिने पेटीतून ठेवणीतलं लुगडं काढलं होतं आणि घडीच्या रेषा हाताने सपाट करत होती. "इतक्या सालात कोनी बलावलं नाही," ती म्हणाली. "जमाना बदलून राह्यला असंल. बलावलं हाय तं जावं. तू बी चाल संग." मी सांगायचं सोडून लुगड्याचं दुसरं टोक धरलं.

अकरापैकी सात जणी निघाल्या. सर्वांत म्हातारी होती तिला सगळे मोताळावाली म्हणत, कारण तिचं माहेर मोताळ्याचं. तोंडाने फटकळ. तिला वाटेत दोनदा वाटलं की परत फिरावं, आणि दोन्ही वेळा आत्याने तिचा हात धरला.

जिनवाल्यांच्या दारात रांगोळी होती. आत गौर मांडलेली, कैरीच्या डाळीचा वास येत होता. जिनवालीण बाई हसत पुढे आल्या. मी कुमारिका, पुढे उभी होते, त्यांनी मला हळद लावली, कुंकू लावलं. मग करंडा घेऊन आत्याकडे वळल्या आणि त्यांचा हात तिथेच थांबला. आत्याच्या मागे सहा मोकळी कपाळं. आतून कुणीतरी, बहुधा त्यांच्या सासूबाई, स्पष्ट म्हणाल्या, "या कुणी बोलावल्या आज?"

भांडण झालं नाही. झालं असतं तर बरं होतं. जिनवालीण बाई हळूच म्हणाल्या, "तुम्ही जरा मागच्या अंगणातून या हं," आणि आम्हाला घराला वळसा घालून मागे नेण्यात आलं. तिथे गोठ्याजवळ आम्ही ओळीने बसलो. पानावर भिजवलेले हरभरे आले, पन्हं आलं. मोताळावालीने एक घोट घेतला आणि भांडं खाली ठेवलं.

"गोड हाय," ती म्हणाली. तिला गूळ म्हणायचा नव्हता.

समोर चार मोठी पिंपं होती, काठोकाठ भरलेली. विहिरीवरून बैलगाडीने पाणी येत होतं आणि गडी त्या पाण्याने टांग्याचा घोडा धूत होता. बादलीमागून बादली. घोड्याच्या पाठीवर पांढराशुभ्र फेस आला होता. मी त्या फेसाकडे बघतच राहिले.

"घोड्याले गोड पानी," मोताळावाली म्हणाली, "अन् आपल्याले फाटक."

कुणी हसलं नाही. आत्याने हरभरे पदरात बांधले, उठली आणि चालू लागली. आम्ही तिच्या मागोमाग रूळ ओलांडून अलीकडे आलो. घरी आल्यावर मी तिला सगळं सांगितलं. नक्कल माझी, शब्द मी गाळला, म्हणून हे झालं. सांगताना मी रडले.

"काऊन गाळला तू थो शब्द?" तिने विचारलं.

"मला वाटलं, तुझं नाव पुरे आहे."

तिने लुगड्याची घडी घातली. मग म्हणाली, "मंग पुरेच हाय. तुही चूक नाही. यादीत माह्यं नाव कुठं हाय थे मले दाखव बरं एकडाव." मी माझ्या वहीत दाखवलं. तिला वाचता येत नव्हतं. तिने त्या ओळीवर बोट ठेवलं आणि विचारलं, "अन् बाकीच्या दहा जनी कोन कोन?"

त्या संध्याकाळपासून आत्या बदलली. ज्या चौघी हळदीकुंकवाला आल्या नव्हत्या, त्यांच्या घरी ती स्वतः गेली. गल्लीतल्या पुरुषांना तिने काहीही सांगितलं नाही, पण पाण्याला जाताना प्रत्येक घरावरून मोठ्याने म्हणायची, "चाला, इंजिन यायच्या आत." पुरुषांना ते पाण्याचं वाटायचं, त्या दहा जणींना मतदानाचं कळायचं. मी तिच्याबरोबर फिरायचे. मुलांनो, त्या आठवड्यात मला झोप लागत नव्हती. आपण काहीतरी ढकलतो आहोत आणि ते किंचित हलतं आहे, असं सारखं वाटायचं.

मतदान पलीकडच्या शाळेत होतं. जिनिंगचा पाचचा भोंगा वाजला की दार बंद. पुरुषांची गर्दी ओसरल्यावर, चार वाजता निघायचं असं अकरा जणींनी ठरवलं होतं. येताना पाणीही आणता येईल म्हणून घागरीही घेतल्या. अकरा विधवा आणि अकरा रिकाम्या घागरी अशी ती रांग भर दिवसा गल्लीतून निघाली तेव्हा दोघं-तिघं घरात वळले. मोताळावाली त्यांना हाक मारून म्हणाली, "भेऊ नका बे, तुमाले नाही, कमेटीले आडव्या जाऊन राह्यलो."

आणि फाटक बंद होतं.

कापसाच्या गाठी भरलेली मालगाडी आडवी उभी. तिचं टोक इकडेही दिसेना, तिकडेही दिसेना. आम्ही उभ्या राहिलो. ऊन मागे सरकत होतं. शाळेचं कौलारू छप्पर डब्यांच्या वरून दिसत होतं, इतकं जवळ. माझ्याजवळ अण्णांचं खिशातलं घड्याळ होतं. साडेचार झाले, मग पाऊण तास झाला. तेवढ्यात फाटकवाले धापा टाकत आले. तेही रुळांच्या अलीकडेच अडकले होते.

मोताळावालीने घागर खाली ठेवली, पदर खोचला आणि डब्याखाली वाकली.

"थांब माय," फाटकवाले म्हणाले. ते तिच्या आडवे उभे राहिले. "खालून कोनी जानार नाही."

"अरे, तुह्याच मतासाठी जाऊन राह्यली मी."

"माह्या मतासाठी तं बिलकुल नाही. मत गेलं तं गेलं."

"हारशील, म्हाताऱ्या."

"हारीन. तीस साल मी हे खालून जानं पाह्यलं हाय. या ताईची घागर पाह्यली तेव्हा मी नोकरीत होतो. फाटक मीच लावलं होतं."

आत्याने त्यांच्याकडे पाहिलं. फाटकावर पाळ्या असत; त्या दिवशी पाळी यांची होती हे तिला माहीत नव्हतं, मलाही नव्हतं. ती मोताळावालीचा दंड धरून तिला मागे घेऊन आली. मग सगळ्या जणी थांबल्या. आजवर त्या फाटकाशी कितीतरी वेळा थांबल्या होत्या, पण त्या दिवशी थांबायचं त्यांनी ठरवलं होतं.

"इंजिन कायले उभं हाय इतका वेळ?" एकीने विचारलं.

फाटकवाले कान देऊन ऐकत होते. "पानी पिऊन राह्यलं. ठेसनावर टाकी हाय त्याची."

"गोड?"

"मंग का. खाऱ्या पान्यानं बॉयलर खराब होते."

"बरं हाय," मोताळावाली म्हणाली. "घोडा झाला, इंजिन झालं. आता कमेटीत एक सभासद टाकून पाहू, त्याले कोनतं लागते."

तेव्हा मात्र सगळ्या हसल्या, फाटकवालेसुद्धा. आणि हसता हसताच शिट्टी झाली. डबे एकमेकांवर आपटले, गाडी हलली. शेवटचा डबा गेला तेव्हा घड्याळात पाचाला सहा मिनिटं कमी होती. मी त्या बायांना पळताना कधीच पाहिलं नव्हतं. घागरी फाटकाशी टाकून त्या पळाल्या. मोताळावालीला दोघींनी जवळजवळ उचललं होतं.

मला आत जाता येत नव्हतं. मी खिडकीबाहेर उभी राहिले. अधिकाऱ्याने आत्याला विचारलं, "कैलासवासी अमक्यांची विधवा का?"

"हाव, थेच," आत्या म्हणाली. "पन पयले माह्यं नाव वाचा."

त्याने मान वर करून पाहिलं आणि वाचलं. सगळ्या खोलीत ऐकू गेलं. अकरावी बाई पेटीपाशी असताना भोंगा वाजला.

दुसऱ्या दिवशी मोजणी झाली. फाटकवाले पाच मतांनी निवडून आले. अण्णा शाळेतून पळत घरी आले, त्यांची टोपी वाटेत पडली होती. अकरापैकी दोघींनी लाल पेटीत टाकलं होतं, हे त्या दोघींनीच मागाहून सांगितलं. एकीचा मुलगा जिनिंगमध्ये कामाला होता, दुसरीची गडबडीत पेटी चुकली. आत्याने दोघींना काही म्हटलं नाही. "नवाच्या नऊ पुरल्या ना," एवढंच.

आता तुम्ही विचाराल, की बदललं काय? पहिलं वर्षभर काहीच नाही. कमेटीत फाटकवाले एकटे. ते नळाचा ठराव मांडायचे, तो पुढच्या बैठकीवर जायचा. लाइनीखालून नळ न्यायला रेल्वेची परवानगी लागत होती आणि अर्ज इंग्रजीत हवा होता. तो मी लिहिला. नंतर आणखी पाच लिहिले, सुट्टीत घरून आणि एरवी बोर्डिंगमधून. निबंधात पहिली येण्यापेक्षा हे काम कठीण निघालं, पण उत्तराचं पाकीट हातात पडलं की मी ते उभ्या उभ्याच फोडायचे. परवानगी आली. मग कमेटी अडली. मग पुढचा उन्हाळा आला. आत्या म्हणायची, "चिठ्ठीनं पानी येते, पन बैलगाडीत बसून येते."

एक गोष्ट पुढची आहे, पण इथेच लिहून टाकते, नाहीतर माझं सांगणं खोटं ठरेल. नळ अलीकडे येऊन गल्लीत दगडी हौद झाला तेव्हा गल्लीच्या टोकाच्या वस्तीतल्या अस्पृश्य म्हटल्या जाणाऱ्या बायांना आमच्याच बायांनी तोट्यांना हात लावू दिला नाही. त्या लांब उभ्या राहायच्या आणि कुणीतरी वरून ओतून द्यायचं. आत्याही त्यात होती आणि मीही गप्प होते. गोठ्याजवळ बसवलं गेल्याचं आम्हाला आठवत होतं, तरी गप्प होतो. पुढे एका पावसाळ्यात आत्याने स्वतःहून बाजूला सरून त्यातल्या एकीला तोटीशी जागा दिली. दोघी-तिघी तिच्याशी वर्षभर बोलल्या नाहीत. वस्तीसाठी वेगळी तोटी नको, हीच तोटी हवी, हे ठरायला आणखी एक निवडणूक जावी लागली. तीही चुरशीची झाली.

पण हौदाचा पहिला दिवस. त्या सुट्टीत मी घरी होते. दुपारी दगडी हौदाच्या तीन तोट्या एकदम सुरू झाल्या आणि सगळी गल्ली घागरी घेऊन धावली. फाटकवाले हिरवा झेंडा घेऊन हौदाच्या कठड्यावर उभे होते. आत्याने दोन घागरी भरल्या आणि घरी नेल्या. मग परत आली, आणखी दोन भरल्या. मग आणखी दोन. पिण्याला इतकं लागत नाही, हे मला माहीत होतं. मी तिच्या मागे गेले तर न्हाणीचं दार बंद.

"आत्या, काय करतेस?"

"तुहा इंग्रजी साबण कुठं हाय?"

मी धावत जाऊन वडी आणली आणि दाराच्या फटीतून आत दिली. आत पाण्याचा आवाज सुरू झाला. पुष्कळ पाण्याचा, न मोजता ओतल्याचा. मग दार किलकिलं झालं आणि तिचा हात बाहेर आला, कोपरापर्यंत पांढऱ्या फेसाने भरलेला.

"पाह्य," ती आतून म्हणाली. "घोड्यापेक्षा जास्त हाय का नाही?"